वडिलांसाठी घेतलेला फोन

माझ्या वडिलांना जन्मापासून ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. ते शाळेत कधी गेले नाहीत, त्यामुळे लिहिणं-वाचणंही नाही. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, हातवाऱ्यांनी बोलणारे. नर्सच्या नोकरीसाठी मला तीन वर्षं जर्मनीला जायचं होतं, म्हणून व्हिडिओ कॉलचा फोन घ्यायला आम्ही कोरेगावला गेलो. दुकानाबाहेर उभी राहून मी कॉल लावला. वडिलांनी मला पडद्यावर पाहिलं आणि हातानेच विचारलं, "भूक लागली का?" मला हसू आलं.

घरी मात्र चित्र सारखं अडकायला लागलं. मी तीन कंपन्यांची कार्डं घालून पाहिली. शेवटी दुकानदार म्हणाला, "ताई, तुमच्या गावात रेंजच न्हाई. नुसतं बोलायचं असंल तर कुठलंबी कार्ड चालंल."

तरी मी गेले. आता रविवारी वडील पडद्यावर येतात, हात उचलतात आणि चित्र तिथंच थांबतं. मग शेजारच्या काकू साधा फोन लावून सांगतात, "बरे हायत बग ते." पण त्यांचे हातवारे काकूंना कळत नाहीत.