समजा, टेम्पो अडकला

जव्हारच्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात बचतगटाच्या बायांना धंदा कसा चालवायचा ते शिकवायला एक साहेब दर महिन्याला येतात. हॉलच्या किल्ल्या माझ्याकडे असतात, त्यामुळे त्यांचा खेळ मला पाठ झालाय. चार टेबलं म्हणजे चार पापड कारखाने. मग साहेब पत्ते पिसतात आणि एकेका टेबलाला संकट वाटतात. "समजा, मशीन बंद पडलं! समजा, कामगार रजेवर गेले!" समजाशिवाय त्यांचं वाक्य सुटत नाही. चहासुद्धा ते "समजा, अर्धा कप" असा मागतात. संकटं वाटताना मात्र चेहरा असा खुलतो, की मुलगा पास झाल्याचे पेढेच वाटतायत.

गेल्या महिन्यात जेवणाचा टेम्पो खरोखरच घाटात अडकला. साहेबांनी दहा फोन लावले, घाम पुसला, पण एकदाही समजा म्हणाले नाहीत. तेवढ्यात खोडाळ्याच्या एका मावशीनं भाकरीचं फडकं सोडलं. बघता बघता चारही कारखान्यांवर नागलीच्या भाकरी आणि सुकटीची चटणी आली.

"टेम्पो येणार नाही, हे तुम्हाला आधीच कळलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"नाय सायब. एसटीनं यायचं म्हंजी भाकर बांधूनच निघायचं. तुमी खावा आधी."

साहेबांनी दोन भाकरी खाल्ल्या.

काल त्यांनी नवा पत्ता काढला. "समजा, जेवणाचा टेम्पो घाटात अडकला!" बाया खो खो हसल्या. साहेबांनी आपली पिशवी हळूच टेबलाखाली सरकवली. आतून भाकरीचं फडकं डोकावत होतं.