पुसलं जात नाही, त्याची भीती

आमच्या शेजारणीच्या धाकट्याइतका भित्रा माणूस अख्ख्या घाटकोपरात शोधून सापडायचा नाही. तिशीला टेकलाय, पण लिफ्टमध्ये एकटा चढत नाही. आईनं कुकर लावला की जिन्यात जाऊन उभा राहतो. रस्ता ओलांडताना माझ्या पिशवीचा बंद धरतो आणि वर मलाच म्हणतो, "मावशी, सांभाळून हं!" असा हा माणूस भरदुपारी, वॉचमन पेंगत असताना, पुलाजवळच्या उंच भिंतीवर दोरानं लटकून स्प्रेच्या डब्यांनी रंगवत असतो, हे कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण भाजीला गेले नि डोळ्यांनी पाहिलं. पुरुषभर उंचीची अक्षरं, मोरपंखी नि गुलाबी, आणि त्यांच्यापुढे लोंबकळणारा हा! "अरे मेल्या, पोलीस धरतील!" तर वरून म्हणतो कसा, "ओरडू नको ना यार मावशी, वॉचमन उठेल." मला यार म्हणाला!

थोड्या दिवसांत पालिकेची माणसं यायची नि त्यावर चुना फासून जायची. मला चुटपुट लागायची, हा मात्र न्हाऊन आल्यासारखा ताजातवाना. "झकास! कोरी झाली."

मग अंधेरीच्या एका गॅलरीवाल्या बाईंनी त्याची भिंत पाहिली आणि प्रदर्शनासाठी भलामोठा कॅनव्हास पाठवला. घरात पेढे आले, पण यानं एकालाही हात लावला नाही. दिवसभर गच्चीवरच्या खोलीत रंगवायचा नि संध्याकाळी स्वतःच त्यावर पांढरा फासायचा. टेम्पो न्यायला यायच्या दिवशी त्याची आई रडतच माझ्याकडे आली. वर जाऊन बघते तर चित्र पुरं झालेलं, आणि हा पांढऱ्या रंगात ब्रश बुडवून उभा. मी मध्ये जाऊन उभी राहिले.

"सरक ना मावशी."

"नाही सरकत. पोलिसाला भ्यायला नाहीस, आता कुणाला भितोस?"

"भिंतीवर चुकलं तर पुसतात गं. हे कायम राहणार. लोक बघतच बसणार."

चित्र ओलं, म्हणून पाठही टेकता येईना. शेवटी माझे गुडघे डुगडुगायला लागले तेव्हा त्यानं ब्रश ठेवला आणि स्टूल पुढे केलं.

चित्र गेलं, विकलंही गेलं. आता कुणाच्यातरी दिवाणखान्यात आहे म्हणतात. पुलाजवळ तो हल्ली जात नाही. दुपारी कधीतरी त्याचा फोन येतो, "मावशी, ते अजून असेल का गं तिथं?"

"असणारच रे."

तरी तो फोन ठेवत नाही. मग मीही ठेवत नाही. घाबरलेल्या माणसाला एकटं कसं सोडायचं?