दुपट्टा बांधलेलं कोणीतरी

निवृत्तीनंतर मला एक वाईट खोड लागली, लंडनमधले जुने खून वाचायची. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, गरीब वस्त्यांमधले, ज्यांचा खुनी आजतागायत सापडला नाही असे. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, पण तो लढायांचा आणि तहांचा. आता मोबाइलवर त्या काळच्या पोलिसांनी घेतलेले साक्षीदारांचे जबाब वाचायला मिळत, आणि मला त्या साक्षीदारांचा भारी राग यायचा. त्याच रस्त्यावरचा तोच माणूस एकाला उंच दिसतो, दुसरीला बुटका. एक म्हणतो अंगात कोट होता, दुसरा म्हणतो नव्हता. "डोळे होते का बटाटे?" असं मी मोठ्यानं म्हणायचे, आणि आमचे हे पेपरमागून म्हणायचे, "तू गेलती का तिथं पाहाले?"

मग वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या आमच्याच गल्लीत खून झाला. आमच्या शेजारच्या घरात एक म्हातारी आणि तिची सून राहायची. म्हातारीचा मुलगा नागपूरला नोकरीला, सुट्टीच्या दिवशी येणारा. सून वर्ध्यात एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला. मे महिन्यातल्या एका दुपारी कोणीतरी म्हातारीला तिच्याच घरात मारून टाकलं. काही चोरीला गेलं नाही, भांडणाचा आवाज कोणी ऐकला नाही. सून संध्याकाळी कामावरून आली आणि तिच्या किंकाळीनं गल्ली गोळा झाली.

मी त्या दुपारी अंगणात वाळत टाकलेल्या कुरड्यांवरची चिमण्यांची झुंड हाकलायला बाहेर आले होते. शेजारच्या फाटकातून कोणीतरी बाहेर पडताना मला दिसलं. तेच मी पोलिसांना सांगितलं. जबाब घेणारे साहेब तरुण होते, साताऱ्याकडचे, आमच्याकडे नुकतेच बदलून आलेले. बोलायला फार अदबशीर. मी वर्गात पुस्तकी मराठी बोलायची शिस्त आयुष्यभर पाळली, पण त्या दिवशी घाबरून तोंडातून आईची भाषा निघाली. मी म्हणाले, "तोंडाले दुपट्टा बांधून कोनीतरी निंगालं जी."

साहेबांनी टाइप केलं. मग तो जबाब मला वाचून दाखवला आणि तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे असंही शेवटी वाचलं. माझं लक्ष शेजारच्या ओट्यावर बसलेल्या त्या सुनेकडे होतं. तिला कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

पुढच्या दिवसांत तिला ठाण्यात बोलावणी येऊ लागली. एकदा, दोनदा, मग पुन्हा पुन्हा. दुकानाचा मालक म्हणाला, ती दुपारी डबा खायच्या सुट्टीत बाहेर गेली होती. ती म्हणाली, मी दुकानाशेजारच्या झाडाखाली बसून डबा खाल्ला. झाड काही साक्षीला येत नाही. दुकानदारानं मग तिला कामावरून कमी केलं. गल्लीतल्या बायकांनी तिच्याशी बोलणं तोडलं. एका सकाळी ती आमच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"काकू, तुमी बाईले पाह्यलं म्हनून सांगतलं का?"

"मी? मी काऊन बाई म्हनीन?"

"साहेबानं लिवलं हाये तसं."

मी तशीच चप्पल घालून ठाणं गाठलं. साहेबांनी जबाब काढून दाखवला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: ओढणीने चेहरा झाकलेली एक अनोळखी स्त्री.

"मॅडम, तुम्हीच दुपट्टा म्हणाला होता की."

"अहो, दुपट्टा म्हणजे पुरुषमाणसाचा! खांद्यावरचा! इथं ऊन लागलं की प्रत्येक माणूस तो तोंडाला गुंडाळतो. बाहेर रस्त्यावर बघा की."

साहेब खिडकीशी गेले. रस्त्यावरून दुचाकीवर दुपट्टे बांधलेले पुरुष चालले होते. ते कळकळून म्हणाले, "आमच्याकडं दुपट्टा म्हटलं की मुलींचाच, मॅडम. माझी बहीण घेते." त्यांना वाईट वाटलं होतं हे दिसत होतं. एका शब्दानं एका पोरीचा संसार सुळावर चढवला होता. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. ते म्हणाले, "पुरवणी जबाब घेऊ. पुरुष होता, असं लिहितो."

आणि मी "हो" म्हणणार, तेवढ्यात मला माझेच शब्द आठवले.

पुरुष होता का? मी तर "कोणीतरी निंगालं" म्हणाले होते. निघाला नाही, निघाली नाही. निघालं. ऊन इतकं होतं की डोळे किलकिले करून पाहिलेलं. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडच्या पोरीबाळी उन्हात नवऱ्याचा, भावाचा, हाती लागेल तो दुपट्टा बांधतात. दुपट्टा पांढरा होता का? कालपर्यंत मला तो पांढरा आठवत होता. जबाबात "ओढणी" वाचल्यापासून तो निळा दिसायला लागला. त्या आकृतीची चाल आठवायला गेले की ती आधी एखाद्या गड्यासारखी चाले आणि फाटकापर्यंत येता येता शेजारच्या सुनेसारखी. लंडनचे ते साक्षीदार, ज्यांना मी बटाटे म्हणत होते, ते सगळे माझ्या डोक्यात येऊन बसले. त्यांच्यातले निम्मे तरी माझ्यासारखेच प्रामाणिक असणार. मला स्वतःचीच चीड आली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. पुरुष म्हणावं तर ती पोर सुटते, पण मी पाहिलेलं नाही ते सांगते. नाही म्हणावं तर माझ्या प्रामाणिकपणाचं ओझं तिनं वाहायचं.

शेवटी साहेबांनी लिहिलं: स्त्री होती की पुरुष, हे निश्चित सांगता येत नाही. या वेळी मी प्रत्येक शब्द कान देऊन ऐकला.

घरी आल्यावर यांना सगळं सांगितलं. एरवी चिडवायची संधी न सोडणारा माणूस, पण नुसतं म्हणाला, "मानूस होता म्हनून टाकाचं होतं नं." मला वाटलं, यांचं बरोबर आहे. जरा वेळानं वाटलं, चूक आहे. अजूनही दिवसातून दोन्ही वाटतं.

दुसऱ्या दिवशी ती आली. डोक्यावर आग ओतणारं ऊन, आणि बाई उघड्या तोंडानं चालत आलेली. गाल भाजून लालभडक झाले होते. मी आत घेतलं, पन्हं दिलं. तिनं ग्लास हातात धरून ठेवला.

"आता मी तोंडाले काई बांधत नाई काकू. बांधलं का लोक पाह्यतेत." मग जरा थांबून म्हणाली, "साहेबानं सांगतलं तुमी काय म्हनल्या ते. पोलिसाचं जाऊ द्या. तुमाले काय वाटते? मी होती का थे?"

नाही, नाही ग पोरी, तू कशी असशील. हे सगळं माझ्या मनात तयार होतं. पण म्हणायच्या आधी मी एकदा, फक्त एकदा, ते फाटक डोळ्यांसमोर आणून पाहिलं. त्यातून पुन्हा कोणीतरी बाहेर पडलं. मी नीट बघायचा प्रयत्न करत होते. शप्पथ, तेवढंच.

"नाही," मी म्हणाले.

तोवर तिनं न प्यालेलं पन्हं खाली ठेवलं होतं आणि ती उठून दाराशी गेली होती.

"राहू द्या काकू," ती म्हणाली, "तुमचा जबाब भेटला मले."