टोपलीवाली विमानं

झाकण उघडल्याशिवाय धर्माभाऊंनी आयुष्यात कुठली वस्तू घेतली नाही. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहाला हात लावण्याआधी त्यांनी बशी उलटी करून पाहिली. मी विचारलं, "भाऊ, काय शोधता?" तर म्हणाले, "काई नाई. पाहून घेतलेलं बरं." खरं म्हणजे ते चहाला आलेच नव्हते. माझ्या छतावर उभी राहिलेली अँटेना त्यांना खुपत होती.

चंद्रपूरजवळच्या मूल गावात तेव्हा माझे कॉम्प्युटरचे वर्ग चालायचे. मामेभावाने परदेशातून एक पेटी आणून दिली होती. वरून जाणाऱ्या विमानांचे संदेश ती पकडायची आणि पडद्यावरच्या नकाशात विमानं सरकायची, प्रत्येकाजवळ त्याच्या कंपनीचं इवलंसं चित्र. आपल्या डोक्यावरून एवढी विमानं जातात हे मला तरी कुठे ठाऊक होतं! गावाला मात्र नको ते संशय. जंगलाचा मुलूख, त्यात छतावर तार. पोलीससुद्धा येऊन पाहून गेले. पोलिसांचं समाधान झालं, धर्माभाऊंचं काही होईना.

ते जातीचे ढीवर. तलावातली मासोळी टोपलीत भरून एसटीच्या टपावरून चंद्रपूरच्या बाजारात पाठवायचे. पडद्यासमोर उकिडवं बसून त्यांनी पहिलाच प्रश्न असा विचारला की मी चाट पडलो.

"मास्तर, हे चित्र कोन लावते? वर जाऊन कोनी रंग पाह्यते का?"

"कोणी नाही पाहत, भाऊ. विमान फक्त आपला नंबर सांगतं. त्यातली पहिली तीन अक्षरं कंपनीची. त्या तीन अक्षरांच्या नावाचं चित्र माझ्या फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं. कॉम्प्युटर ते उचलतो आणि चिकटवतो."

"म्हंजे विमान न पाह्यताच?"

"न पाहताच."

"मंग हे आमच्या चिंधीवानीच झालं," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा कडू झाला.

चिंधीची हकिकत गावात सगळ्यांना माहीत होती. प्रत्येक घरची टोपली ओळखू यावी म्हणून कडेला ठरलेल्या रंगाची चिंधी बांधायची रीत. अडत्या चिंधी पाहून टोपली उचलायचा, आत डोकावायचा नाही. एकदा कुणीतरी धर्माभाऊंची पिवळी चिंधी आपल्या सडक्या मासोळीला बांधली. नाव धर्माभाऊंचं गेलं. अख्खा हंगाम त्यांच्या टोपलीला बाजारात कोणी हात लावला नाही. तेव्हापासून त्यांनी चिंधी सोडली आणि टोपलीच्या बांबूच्या कामट्यांत स्वतःची एक छुपी खूण विणायला सुरुवात केली. ती घरच्या माणसांखेरीज कोणाला माहीत नव्हती. मी एकदा विचारलं, तर माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा तो विषय काढायची माझी छाती झाली नाही.

त्यांना एकच लेक, रंजना. नर्स झाली होती आणि एका एजंटामार्फत तिला आखातातल्या दवाखान्यात काम मिळालं होतं. नागपूरहून विमानाने हैदराबाद, तिथे एजंटाचा माणूस भेटणार, मग पुढचं विमान. पोरींना फसवून नेल्याच्या बातम्या तेव्हा पेपरात यायच्या. धर्माभाऊ एजंटाचं घर पाहून आले, शेजारी विचारून आले, तरी त्यांच्या मनातलं जाईना. "लेक तलाव पोहून जाते म्हनली असती, तं मी भ्यालो नसतो," ते म्हणाले. "हे मले दिसत नाई ना, मास्तर."

ती निघाली त्या दुपारी ते विमानाची कंपनी आणि नंबर कागदावर लिहून घेऊन माझ्याकडे आले. नागपूरहून विमान सुटलं, पडद्यावर उमटलं. आकडे जुळले. पण त्याच्याजवळचं चित्र पाहून धर्माभाऊ ताडकन उठले.

"हे तं त्या बंद पडलेल्या कंपनीचं चित्र होय! पेपरात पाह्यलं मी. माही पोर कोनाच्या विमानात बसवली? थांबवा मास्तर, थांबवा ते विमान!"

"अहो, मी कोण थांबवणार?"

खोटं कशाला बोलू, मीही घाईघाईने रंजनाला फोन लावला. तो बंद होता. मग डोक्यात प्रकाश पडला. जुनी कंपनी नव्या कंपनीने विकत घेतली होती. नाव बदललं, रंग बदलला, तीन अक्षरं मात्र जुनीच राहिली. माझं फोल्डर जुनं, म्हणून चित्रही जुनं. मी नव्या कंपनीचं चित्र शोधून त्यांच्यासमोर तिथे टाकलं आणि विमानाजवळचं चित्र बदललं. मला वाटलं, आता तरी जीव भांड्यात पडेल. कसलं काय!

"म्हंजे इथी बसून तुमी कोनत्याबी विमानाले काईबी लावू शकता?" ते म्हणाले. "मंग आधीचं खोटं होतं का आत्ताचं?"

विमान चंद्रपूरवरून दक्षिणेला गेलं आणि अँटेनाच्या टप्प्याबाहेर जाताच पडद्यावरून पुसलं गेलं. आम्ही दोघे फोनकडे बघत बसलो. तासाभराने तो वाजला.

"बाबा, पोचली मी."

"कोन बोलून राह्यलं?"

"अजी बाबा, मी रंजना!"

"आपल्या टोपलीची खून सांग."

मला राग आला. परक्या गावात एकटी उभी पोर, आणि हा बाप तिची परीक्षा घेतो! पण पलीकडून लगेच आवाज आला. "बुडाशी, अंदरून. दोन कामट्या उलट्या." धर्माभाऊंनी फोन माझ्या हातात दिला, खाली बसले आणि हमसून हमसून रडले. मग डोळे पुसून मला म्हणाले, "तुमी आयकलं का? कोनाले सांगू नका."

आठ दिवसांनी टोपली घेऊन हजर. "मास्तर, त्या कंपनीले हे चित्र लावून द्या. दुसऱ्याच्या चित्रावर माहा भरोसा नाई." फोटो बाहेरूनच काढायचा, आतली खूण दिसता कामा नये, हेही बजावलं. तेव्हापासून त्या कंपनीची सगळी विमानं माझ्या पडद्यावर टोपल्या झाली. धर्माभाऊ दुपारी येऊन बसायचे आणि हैदराबादच्या टोपलीचे आकडे रोज जुळवायचे. रंजना दवाखान्यात सुखरूप आहे, दर आठवड्याला तिचा फोन येतो, हे माहीत असूनही जुळवायचे.

ते गेले ते अचानक, तलावावरून घरी आल्यावर. रंजना मिळेल त्या विमानाने निघाली. हैदराबादहून तिने मला नंबर कळवला, म्हणाली, "दादा, मी येईपर्यंत बाबाले नेऊ देऊ नका." घरात माणसं ताटकळली होती. जाणती मंडळी म्हणत होती, किती वेळ थांबायचं, विमानाचा काय भरवसा. मी पडद्यासमोर जाऊन बसलो. राजुऱ्याच्या बाजूने टोपली वर सरकत आली. आकडे जुळले. मी धावत जाऊन सांगितलं, थांबा, पोर आली. परत येताना मात्र छतावर चढलो आणि मान वर करून उभा राहिलो. फार उंचावर एक पांढरी रेघ नागपूरकडे चालली होती.

पाहून घेतलेलं बरं.