वरची धार

गाडीला गिऱ्हाईक मिळालं, ही बातमी माझ्या धाकट्या भावाने चहाचा कप पुढे करता करता दिली. गाडी माझी. कागदावर नाव माझं, टाकीतलं पेट्रोल माझं, आणि गिऱ्हाईक शोधणारा हा.

"रविवारी सकाळी येऊन राह्यला तो मानूस पाहाले," तो म्हणाला. "जशी आहे तशी घेतो म्हणते. झटके देऊन राह्यली ताई ते गाडी. उद्या रस्त्यात बंद पडली तं तू काय करशीन?"

"आणि मग मी समुद्रपूरला कशी जाऊ?"

"मी हावो ना. मी नेऊन देत जाईन."

या 'मी हावो ना'ने माझं अर्धं आयुष्य खाल्लं आहे.

माझा डावा पाय पोलिओचा. त्याला कॅलिपर लावते, म्हणजे लोखंडी सळ्या आणि चामडी पट्टे. तो चढवला की गुडघा वाकत नाही. 'मोडेन पण वाकणार नाही' असं इतर लोक ऐटीत म्हणतात, माझ्या बाबतीत ती निव्वळ माहिती आहे. घरात सगळ्यांनी मला जीव लावला, हे मी नाकारत नाही. पण मला कधी कुणी काम सांगितलं नाही. शेजारच्या आया पोरींवर ओरडायच्या, जा वं, कोथिंबीर घेऊन ये, पळत जा. मला प्यायचं पाणीसुद्धा हातात मिळायचं. 'तू बस' हे दोन शब्द मी माझ्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकले असतील. मी बसले नाही, हा भाग वेगळा. वर्ध्याच्या एका कॉलेजात तीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते, आणि ती नोकरी उभ्याने करायची असते.

निवृत्तीनंतर पिपरी मेघेतल्या घरात खाली मी आणि वर भाऊ-भावजय असं आमचं चालतं. बाबांचं किराणा दुकान समुद्रपूरला होतं, तिथल्याच शाळेत मी शिकले. आता आठवड्यातून दोन दिवस त्या शाळेत जाते आणि पोरींच्या हातात परीक्षानळी देते. कुणी बोलावलं नव्हतं, मीच गेले. एसटीची पायरी मला चढवत नाही. कंडक्टर काखेत हात घालून वर ओढतो, तेही चांगल्या मनाने, आणि चांगल्या मनाने ओढलेलं माणूस तक्रारही करू शकत नाही. म्हणून ही क्लच नसलेली, आपले गिअर आपणच बदलणारी गाडी घेतली. तिच्यात डाव्या पायाला काही कामच नाही. आठ वर्षं मी एकटी गेले आणि एकटी आले. गाडी गेली की मी पुन्हा 'नेऊन देत जाईन'मध्ये.

झटके मात्र खरे होते. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरवर जाताना गाडी आधी विचार करायची आणि मग मागून कुणी ढकलल्यासारखी पुढे जायची. गॅरेजवाल्याकडे नेली, भाऊ सोबत आलाच. त्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही.

"मॅडम, गिअरबॉक्स गेला. काढून टाका आता."

"तेल बदलून पाहू या का?"

"याचं तेल बदलत नसते. लाईफटाईम असते. छेडाल तं होतं तेही बसून जाईन." हे तो मला नाही, माझ्या भावाला म्हणाला. मी मधोमध उभी होते, तरी दोघे माझ्या डोक्यावरून बोलत राहिले.

माझं डोकं तिथेच फिरलं. बाबा म्हणायचे, "जे फिरते त्याले तेल लागते." खुल्या तेलाचा व्यापार करणारा माणूस दुसरं काय म्हणणार, पण खोटं नव्हतं ते. घरी येऊन गाडीचं पुस्तक काढलं. त्यात तेल बदलायचा चक्क तक्ता होता आणि त्या तक्त्याप्रमाणे आमचं तेल कधीच बदलायला हवं होतं. पुस्तकात तेलाचा नंबर होता, तो लिहून नागपूरहून डबे मागवले. शनिवारी सकाळी मी गाडीखाली जाणार, असं जाहीर केलं.

"तू? गाडीखाली? काऊन करून राह्यली ताई असं?" भावाला खरंच काळजी वाटली, त्याचा आवाज बारीक झाला होता. "पाय पाय म्हणता म्हणता कंबर मोडून घेशीन."

"झोपायला पाय लागत नाहीत," मी म्हटलं.

हे मला त्या दिवशीच उमगलं. गाडी फिरवून तेल कोमट करून घेतलं, मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढची बाजू जॅकने उचलून खाली दोन लोखंडी घोड्या दिल्या. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. कॅलिपर काढून भिंतीला टेकवला आणि गोणपाटावर पाठ टाकून सरपटत आत गेले. गाडीखाली सगळी माणसं सारखीच. कुणाचे दोन पाय बाहेर राहतात, ते धड आहेत की नाहीत हे आतल्या कामाला कळत नाही. मला तिथे फार बरं वाटलं.

तेल सोडायचा बोल्ट हटत नव्हता. पान्यावर लोखंडी नळी चढवून ओढली, तेव्हा तो कुरकुरत सुटला आणि घमेल्यात तेल कोसळलं. हे तेल नवं असताना लाल असतं. आमचं उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखं होतं आणि त्याला जळका वास येत होता. एका वेळी निम्मंच निघतं, बाकीचं आतल्या भागात अडकून राहतं, हे मला माहीत होतं. उरलेलं महिन्याभराने काढायचं ठरवलं. बोल्टला नवं वॉशर घालून आवळला, बाहेर आले, कॅलिपर चढवला, बंपर धरून उठले. भाऊ हात द्यायला पुढे झाला. मी त्याला तेलकट हात दाखवले, तो मागे सरला.

आता भरणं. जेवढं निघालं तेवढंच घालायचं, हा नियम. जुनं तेल मोजायला मी बाबांचं लिटरचं पत्र्याचं माप काढलं, ते आणि त्यांचं नरसाळं मी जपून ठेवलं आहे. साडेतीन मापं भरली. गाडी खाली उतरवली, बॉनेट उघडलं, तेलाची पातळी पाहायची पट्टी जिथे असते त्या नळीत नरसाळं बसवलं आणि त्याच मापाने नवं तेल ओतलं. अंगणात ऊन होतं, ती लाल धार त्यात चमकत होती. खरं सांगते, इतका आनंद मला निवृत्तीच्या समारंभातही झाला नव्हता.

शेवटी पट्टी बुडवून पाहिली. ओतताना नळीला आतून तेल लागलेलं, त्यामुळे पट्टी अर्ध्यापर्यंत माखून आली, खूण काही दिसेना. थोडं थांबून, गाडी फिरवून पुन्हा पाहायला हवं होतं. कॉलेजात एखाद्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला प्रयोगशाळेबाहेर काढलं असतं. पण माझ्या मनाने म्हटलं, माप बाबांचं आहे, चुकायचं कसं?

"चल, बस," मी भावाला म्हटलं. "पवनारपर्यंत जाऊन येऊ."

पहिले काही किलोमीटर गाडी लोण्यासारखी गेली. मी फक्त त्याच्याकडे पाहून भुवया उडवल्या. पवनार आलं आणि इंजिन एकदम ओरडायला लागलं. ॲक्सिलरेटर दाबला तर आवाज वाढे, गाडी मात्र पुढे जाईना. बॉनेटच्या फटीतून धूर आला. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. कापसाने भरलेला एक ट्रॅक्टर आमच्याकडे वळून वळून पाहत निघून गेला.

भावाने धुराकडे पाहिलं. मग म्हणाला, "झालं समाधान?"

त्याने टोमणा मारला असता तर मी दोन दिले असते. पण तो दुःखाने म्हणाला, आणि ते मला जास्त लागलं.  उद्या तो माणूस येणार, ही गाडी ओढत नेणार, आणि मी आयुष्यभर हे ऐकणार, की म्हटलं होतं ना, तू बस.

"ताई, उतर. मी गाडी ओढून नेणारा बोलावतो."

"कुणी ओढायला नको. बॉनेट उघड."

इंजिन चालू केलं, लिव्हर एकेका गिअरमधून फिरवून परत जागेवर आणला आणि पट्टी बाहेर काढली. तिच्यावर तेल नव्हतं, फेस होता. बारीक बारीक बुडबुडे, वरच्या खुणेच्याही पार वर. थोडं उसळून बाहेर पडलं होतं आणि तापलेल्या भागावर जळत होतं, धूर त्याचा. म्हणजे तेल कमी नव्हतं, जास्त होतं. आतली चाकं ते घुसळत होती. पण जास्त आलं कुठून? साडेतीन काढलं, साडेतीन घातलं. मी तिथे उभ्या उभ्या हाताने ओतायची नक्कल केली. माप तिरपं करायचं, रिकामं होऊ द्यायचं, आणि मग...

बाबांच्या दुकानात गिऱ्हाईकाच्या भांड्यात माप रिकामं झालं की ते डब्यातून वर एक धार सोडायचे. प्रत्येक मापावर. मापात पाप नको, म्हणायचे. चुकून थेंब कमी गेला असेल तर ही त्याची भरपाई. सुट्टीच्या दिवशी ते नरसाळं माझ्या हातात असायचं आणि त्या धारेशिवाय माझा हात मागे येत नसे. तीस वर्षं कॉलेजात मी खुणेच्या वर एक थेंब जाऊ दिला नव्हता. पण बाबांचं नरसाळं हातात आलं आणि हात दुकानात जाऊन पोचला. चार वेळा ओतलं, चार वेळा वरची धार. मला कळलंही नव्हतं.

मी रस्त्याच्या कडेला मोठ्याने हसले. भावाला वाटलं, हिचं फिरलं.

"मेडिकलमध्ये जा," मी त्याला म्हटलं. "जनावरांची मोठी सिरिंज आण, आणि सलाईनची नळी. पळत जा."

तो खरंच पळत गेला. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस. मी जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी 'पळत जा' म्हटलं होतं.

सिरिंजला नळी लावून मी जास्तीचं तेल ओढलं आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडत गेले. थोडं ओढायचं, थांबायचं, पट्टी पाहायची. तो शेजारी बाटली धरून उभा होता. मी त्याला वरच्या धारेचं सांगितलं, तर तोही हसला. "बाबा तं मोठ्या मनाचे होते," म्हणाला.

"होते. पण गिऱ्हाईक भांडं घेऊन आपणहून यायचं," मी म्हटलं. "तू माझ्या भांड्यात न मागता ओततोस. प्रत्येक मापावर. त्याने मी चालत नाही रे, माझा फेस होतो."

 त्याने बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. पट्टीवरचं तेल दोन खुणांच्या मधे आलं, तेव्हा मी बॉनेट पाडलं. परतताना इंजिन ओरडलं नाही. झटके पुरते गेले नाहीत, पण गाडीचा विचार करायचा वेळ निम्म्यावर आला. उरलेलं तेल बदललं की बाकीचा जाईल.

रविवारी तो माणूस यायच्या आधीच मी निघाले. चावी माझी, गाडी माझी. गिऱ्हाईक ज्याचं होतं त्याने सांभाळावं. वाटेत चारदा थांबून पट्टी पाहिली, हेही सांगून टाकते. समुद्रपूरला पोचले, शाळेला सुट्टी. काम काहीच नव्हतं. बाबांचं दुकान होतं तिथे आता मोबाईल विकतात. त्याच्यासमोर गाडी लावून मी चहा मागवला. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, तो मानूस आला होता."

"मग?"

"परत पाठवला. म्हटलं, विकायची नाई." मग थोडं थांबून, "कुठं हायेस?"

"समुद्रपूरला."

"एकटी?"

"एकटीच."

मी वाट पाहिली. आता येणार, थांब तिथेच, मी येतो, मी हावो ना. फोनवर भावजयीचा आवाज आला, काहीतरी कुजबुज झाली.

"बरं, आयक," तो म्हणाला. "घरात मिरच्या सरल्या. येताना अर्धा किलो घेऊन येजो. आन लवकर येजो, ठेचा करायचा आहे."

सहासष्ट वर्षांची बाई चहाच्या टपरीपुढे गाडीत बसून रडते, हे बरं दिसत नाही. मी डोळे पुसले, कॅलिपरचा पट्टा घट्ट केला आणि मिरच्या आणायला निघाले.