खोगीर धरलेला हात

गंधाली प्रधान आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहते आणि चित्रं काढते. घोड्यांची, कुत्र्या-मांजरांची आणि त्यांच्या मालकांचीही. आधी ती घोडेस्वारी शिकवायची, चांगली बावीस वर्षं. मग एका घोड्याने तिला पाडलं, खुब्याचं हाड मोडलं आणि शिकवणं संपलं. खोड मात्र गेली नाही. तिच्या चित्रात सगळे ताठ बसतात. माझ्या मांजराचं चित्र तिने काढलं, त्यात आमचं लोळणारं ध्यान परेडला निघाल्यासारखं दिसतं.

गेल्या वर्षी घाटकोपरहून सुलक्षणा सावंत आल्या. त्यांचे यजमान बाळा सावंत मरोळच्या एका कारखान्यात फिटर होते, त्याआधी सहा महिने वारले होते. त्यांचा एकट्याचा धड फोटो घरात एकच होता. माथेरानचा, घोड्यावरचा. वर्षश्राद्धाच्या आत त्यावरून मोठं चित्र करून हवं होतं.

फोटो पाहून गंधालीने कपाळाला हात लावला. चेहरा हसरा, पण टाचा वर, पाठीला पोक, आणि लगाम सोडून दोन्ही हातांनी खोगीर धरलेलं. बावीस वर्षं ती पोरांवर याच एका गोष्टीसाठी ओरडत आली होती, "खोगीर धरू नकोस रे, धरलंस की पडलास!" तिने सावंतांची पाठ सरळ केली, टाचा खाली घेतल्या, हातात लगाम दिला. चित्र झकास झालं होतं. झकास झालंय असं मीही तिला सांगितलं, तेव्हा माझंही चुकलंच.

सुलक्षणाबाई न्यायला आल्या तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो. त्यांनी चित्र जवळून पाहिलं, दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. मग म्हणाल्या, "ह्यो माझो घोव नाय."

"चेहरा चुकला का?" गंधालीने विचारलं.

"चेहरा त्यांचाच आहे ओ. पण हा माणूस घाबरलेला नाही ना!" त्या खुर्चीत बसल्या. "आमचे हे कुत्रा दिसला तरी रस्ता बदलायचे. आमची श्रुतिका तेव्हा सहा वर्षांची. घोड्यावर बसायचं म्हणून रडली, आणि घोडा समोर आला तर बसेना. बाबा आधी बसले तर बसते म्हणाली. मग हे बसले. आख्खी फेरी मारली, उतरले नाहीत. हसत होते ते पोरीसाठी. भीती सगळी हातात होती."

गंधालीला लाज वाटली. नंतर तिनेच मला तसं सांगितलं, आणि ती असलं सहसा कबूल करत नाही. डॉक्टरांनी परवानगी देऊन पाच वर्षं झाली, तरी ती स्वतः पुन्हा घोड्यावर बसलेली नाही. रिकिबीत पाय ठेवते आणि काढून घेते.

दुरुस्तीला पंधरा दिवस लागले. टाचा वर गेल्या, पाठीला पोक आलं, लगाम सुटला. खोगीर धरलेली बोटं तिने चार वेळा खरवडून पुन्हा काढली.

सुलक्षणाबाईंनी चष्मा पुसून चित्र पाहिलं.

"पडणार नाहीत ना ओ, ताई?"

"नाही," गंधाली म्हणाली. "घट्ट धरलंय त्यांनी."