भोकाची विचारपूस

कोहमाऱ्याच्या ढाब्यांचे फ्रीज दुरुस्त करणारा तो मिस्त्री जुना, ओझोनला खाणारा गॅस कधी हवेत सोडत नसे. सिलिंडरमध्ये भरून घेई. एकदा माझ्या घरचा फ्रीज दुरुस्त करताना त्यापायी खोळंबा झाला, तेव्हा मीच वैतागलो, "मिस्त्री, सोडा ना, थोडासाच आहे."

"सर, तुमी शाळेत विज्ञानच शिकवता ना?"

दर दिवाळीला तो घरच्या आजाऱ्यासारखी चौकशी करी, "दक्षिण ध्रुवावरचं भोक काय मनते?"

त्या वर्षी मी पेपर वाचून दाखवला. फुगे सोडून ओझोन मोजणारे शास्त्रज्ञ म्हणत होते, भोक हळूहळू भरतंय.

त्यानं पान्ह्यासकट हात जोडले. "समजाच्या आधी मी बी हा गॅस खूप सोडला, सर."

आणि हसत हसत सिलिंडरची चावी आणखी एक फेरा आवळली.